पाठीमागची पाकळी

माघ सरत आला की आमच्या हिंगोलीच्या बाहेरच्या अंगाला हळद शिजायला लागते. वारा तिकडून फिरला तर तिचा वास थेट आमच्या गच्चीवर येतो. ज्यांनी तो कधी घेतलेला नाही त्यांना समजावून सांगणं अवघड आहे, कारण मसाल्याच्या डब्यातल्या हळदीशी त्याचं फारसं नातं नसतं. ओल्या मातीचा, उकडलेल्या कंदाचा, थोडा गोडसर आणि थोडा उग्र असा तो वास एकदा कपड्यांत शिरला की धुतल्यावरही मुक्काम हलवत नाही. परवा संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला वर गेले होते. माझी लेक कठड्याला टेकून मोबाइल घेऊन बसली होती. तिचं बारावीचं वर्ष आहे, त्यामुळे तिच्या हातात मोबाइल दिसला की ती अभ्यासच करते आहे असं मानायचा आमच्या घरात प्रघात पडलाय. या खेपेला मात्र खरंच अभ्यास होता. तिनं पडदा माझ्यापुढे धरला, त्यावर एक समीकरण टाइप केलं, आर बरोबर कॉस टू थीटा, आणि तिचं बोट उचलायच्या आत तिथं चार पाकळ्यांचं एक फूल उमटलं. दोनाच्या जागी तीन केल्यावर पाकळ्या तीन झाल्या. चार केल्यावर आठ. "भारी आहे ना, आई?" ती म्हणाली. मी अर्धवट घडी घातलेली चादर हातात धरून तशीच उभी राहिले. भारी होतंच ते. पण त्यातलं पहिलं फूल माझ्या ओळखीचं होतं. ते मी एकदा पायानं चालून काढलेलं आहे.

ज्यांचा दहावीनंतर गणिताशी काडीमोड झाला त्यांच्यासाठी थोडं सांगते, घाबरून पान उलटू नका. आलेखाचा चौकटीचौकटीचा कागद आपल्या सगळ्यांना ठाऊक असतो. इतकं उजवीकडे जा, इतकं वर जा, तिथं ठिपका दे. सरळ रस्त्यांच्या आखीव वसाहतीत घर शोधावं तशी ती पद्धत. दुसरी एक पद्धत असते. एका जागी उभं राहायचं, एका दिशेला तोंड करायचं आणि त्या दिशेनं अमुक अंतर जायचं. ज्या जागी उभं राहायचं तिला ध्रुव म्हणतात, तोंड किती वळवलं त्या कोनाला थीटा आणि किती गेलो त्या अंतराला आर. या पद्धतीनं काढलेले आलेख गोल, वेटोळे, पाकळीपाकळीचे येतात, म्हणून मुलं त्यांना बिचकतात. खरं तर आमच्या गावात ही पद्धत कुणालाच नवी नव्हती. डोंगरकडा या गावाच्या आसपासच्या कुठल्याही खेड्यात जाऊन कुणाचं शेत विचारा. "हितं चिंचंखाली उभं ऱ्हावा, मावळतीकडं तोंड करा, दोन हाकांवर गेलात की आलंच," असं उत्तर मिळेल. दिशा आली, अंतर आलं. हाक हे माप कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही, आणि कुणाची हाक, बाईची की गड्याची, असं विचारायची तिथं रीत नाही. तरी माणसं बराबर पोचतात.

एवढं सगळं रक्तात असूनही मला ते कागदावर जमलं नाही, ही पुढची गोष्ट. बारावीनंतर मी हट्टानं बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं. वसमतच्या कॉलेजात जायला सकाळी काळीपिवळी जीप धरावी लागे, पुढे एसटी. जीपमध्ये माणसं, दुधाचे कॅन, एखादं करडू आणि मी असा सगळा संसार असायचा. गणिताच्या वर्गात मोजकीच पोरं होती, त्यांतल्या मुली बोटांवर मोजाव्यात इतक्या. आम्हाला शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या नांदेडहून रोज एसटीनं येत. तासिका तत्त्वावरची त्यांची नेमणूक, म्हणजे या वर्षी आहे, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं. पण त्यांच्या शिकवण्यात त्या अनिश्चितीचा मागमूस नसायचा. वर्गात शिरतानाच त्यांचं बोलणं सुरू झालेलं असे, जणू आदल्या दिवशीचं वाक्य त्यांनी एसटीत बसून पुरं करत आणलं होतं. फळ्यावर वर्तुळ काढताना त्या कंपास वापरत नसत. कोपर फळ्यावर टेकवायचं आणि खडूसकट हात फिरवायचा. वर्तुळ निघायचं आणि ब्लाउजच्या बाहीवर कोपरापाशी एक पांढरा डाग पडायचा. तो डाग घेऊन त्या दिवसभर हिंडत. रागीट होत्या, पण राग खडूच्या धुरळ्यासारखा, झटकला की गेला. आणि टोमणा मारल्याशिवाय त्यांना समजावून सांगताच यायचं नाही. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांचा तास चुकला तर दिवस फुकट गेल्यासारखाही वाटायचा.

मी अडले ती उण्या अंतरापाशी. समीकरणात थीटाच्या किमती घालत गेलं की काही ठिकाणी आर उणे येतो. वजा एक, वजा अर्धा. पुस्तकात त्याबद्दल एक ओळ होती, ती मी पाठ केली आणि मला ती मुळीच कळली नाही. कारण माझ्या डोळ्यांपुढे होतं खळं. मी लहान असताना आमची ज्वारी बैलांच्या पायांखाली मळली जायची. शेणानं सारवलेलं गोल खळं, मधोमध रोवलेली मेढ, मेढीला बांधलेला दोर आणि त्या दोरानं गोल फिरणारे बैल. आतल्या बैलाचा दोर आखूड, बाहेरच्याचा लांब. त्यांच्यामागे काठी घेऊन फिरायचं काम माझ्याकडे असे, आणि फिरून फिरून गरगरायला लागलं की मी कणसांच्या ढिगावर पालथी पडत असे. दोर आखूड असू शकतो, लांब असू शकतो, अगदी मेढीला गुंडाळून संपूही शकतो. पण उणा दोर कुणी बघितलाय? शून्याहून आखूड दोराला बांधलेला बैल कुठं उभा राहणार? मला वाटलं, उणे म्हणजे इथं काही नाही. म्हणून चाचणीत मी तक्त्यातल्या त्या ओळी कोऱ्या सोडल्या आणि उरलेल्या बिंदूंतून आलेख काढला. चार पाकळ्यांच्या फुलाच्या जागी मधे चिमटलेल्या डमरूसारखं काहीतरी आलं. मला ते बरं दिसतंय असंही वाटलं होतं. मॅडमनी त्यावर लाल शाईची एक फुली मारली, आणि त्या प्रकरणावरचे बाकीचे प्रश्नही याच वाटेनं गेल्यामुळे चाचणीत मी सपशेल आपटले.

घरी खोटं बोलायची सोय नव्हती आणि सवयही नव्हती. मी सांगून टाकलं. आमच्या घरात थोरल्या काकांचा शब्द चाले. ते वाईट नव्हते, उलट मुलींनी शिकावं या मताचे होते, पण शिकून हाताला काम लागावं असं त्यांचं रोकडं म्हणणं. नांदेडला नर्सिंगला घालायचं, कोर्स झाला की नोकरी पक्की, असं ते पहिल्यापासून सांगत होते. गणित शिकून पोरगी काय करणार हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. मलाही ते तेव्हा सांगता आलं नसतं. चाचणीचं कळल्यावर ते वडिलांना म्हणाले, "उगी जीपचे हेलपाटे काहून घालून राहिली ती? दाखला काढून आन. जूनपस्तोर घरी ऱ्हाईल, मंग नांदेडला घालू." माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मोठ्या भावापुढे फारसं बोलत नसत. त्यांना स्वतःलाही माझ्या रोजच्या जाण्यायेण्याचा घोर होता. संध्याकाळी जीपला उशीर झाला की ते फाट्यावर येऊन उभे राहायचे आणि मी उतरले की काही न बोलता पुढे चालू लागायचे. एकदाही त्यांनी मला रागावून विचारलं नाही, पण मी नजरेआड झाल्यापासून परत दिसेपर्यंतचे सगळे तास ते तसेच काढत असणार. दादा काकांना म्हणाले, "बरं. हळद घेऊन मोंढ्यात जानारच हाव. तवा काढतो." भाव यायची वाट बघत ठेवलेली हळद आमच्या ओसरीवर होती. ती वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, विकायला जायचा दिवस म्हणजे माझ्या कॉलेजचा शेवटचा दिवस, हे असं ठरलं.

मी हे मॅडमना सांगितलं. का सांगितलं ते मलाच कळत नाही, रडायला कुणीतरी हवं होतं बहुधा. मॅडमनी रडू दिलं नाही. त्यांनी माझी उत्तरपत्रिका मागवली, डमरूकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या ओळी कोऱ्या काहून सोडल्या?" मी खळ्याचं, मेढीचं, दोराचं सगळं सांगितलं. मला वाटलं आता टोमणा येणार. पण त्या म्हणाल्या, "तुझं चुकलं ते एवढंच, की तू समोरच बघून राहिलीस. तुझं अर्धं फूल तुझ्या पाठीमागं पडलंय." आणि लगेच नेहमीच्या सुरात, "उद्या घरून एक लांब दोर घेऊन ये. आणि रडायचं असंल तर जीपमध्ये रड, माझा तास खराब करू नको." घरात लांब दोर म्हणजे बैलाचा कासराच होता. सकाळी गोठ्यातून तो उचलला, पिशवीत कोंबला आणि निघाले. त्याच दिवशी दादा टेम्पोबरोबर हळद घेऊन वसमतला येणार होते. मॅडमना ते ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तो तास त्यांनी मुद्दाम त्या दिवशी मैदानावर घेतला की तसा योग आला, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या.

कॉलेजच्या मागं मोकळं मैदान होतं. खेळाच्या खोलीतून पोरांनी फक्कीची पाटी आणली, कबड्डीच्या रेषा आखायला असते ती पांढरी फक्की. मधोमध खुंटी ठोकली, तिच्याभोवती एक मोठं वर्तुळ आखून कोनांच्या खुणा केल्या, आणि कासऱ्याला सारख्या अंतरावर चिंध्या बांधल्या, म्हणजे दोर किती सोडला ते कळावं. एकानं कोन पुकारायचा, मी त्या दिशेनं जायचं, मॅडम तक्त्यातून आर सांगणार, तेवढ्या दोरावर मी मूठभर फक्की टाकायची. बेत झकास होता, पण जमीन काळी, पावसाळा संपून भेगाळलेली. दोर जरा ताणला की खुंटी भेगेतून उपटून हातात यायची. मी म्हटलं, "मॅडम, जमीनच नीट नाही." त्या म्हणाल्या, "व्हय ग, नाचता येईना अंगण वाकडं." पोरं हसली. दुसऱ्यांदा खुंटी उपटली तेव्हा मात्र त्याही वैतागल्या. आणि तेवढ्यात कॉलेजच्या इमारतीला वळसा घालून माझे दादा येताना दिसले. मोंढ्यातून थेट आले होते. सदऱ्यावर, टोपीवर, भुवयांवरसुद्धा हळदीची पिवळी भुकटी. ऑफिसात न जाता ते आधी मला शोधत मागं आले होते.

दादांची नजर पहिल्यांदा माझ्यावर गेली आणि मग जमिनीवरच्या दोरावर. "हा आपला कासरा न्हाई का?" ते म्हणाले. "म्या सकाळधरनं गोठा पालथा घातला की." वर्गातली पोरं खुसखुसली. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं, आणि भेगा तयार असूनही ती घेईना. मॅडम पुढे झाल्या, नमस्कार केला आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "भाऊ, बरं झालं आलात. आमची खुंटी ऱ्हाईना. तुमी जरा हितं उभं ऱ्हाता का, दोर धरून?" दादांनी नकार द्यावा असं त्यात काही नव्हतं. दोर धरणं ही त्यांना रोजची गोष्ट. चपला बाजूला काढून ते मधोमध उभे राहिले, देवळात शिरावं तसे, आणि कासऱ्याचं टोक त्यांनी हाताला गुंडाळून घेतलं. मॅडमनी सांगितलं की पोरगा कोन सांगेल तिकडं तोंड करायचं, बाकी जागा सोडायची नाही. उगवतीपासून सुरुवात. दादांनी पूर्वेकडे तोंड केलं आणि मी त्यांच्यासमोर पूर्ण दोरावर जाऊन पहिली मूठ टाकली.

पुढचा कोन पुकारला तेव्हा दादा उजव्या अंगानं वळले, दक्षिणेच्या बाजूला. पुस्तकात कोन डावीकडे मोजतात, घड्याळाच्या उलट. पण आमच्याकडचा माणूस जागच्या जागी फिरायचा म्हटला की प्रदक्षिणेच्याच दिशेनं फिरणार. उलटं फिरणं हे दुसऱ्या प्रसंगाचं. एक पोरगा ओरडला, "मॅडम, काका उलटं वळून राहिले!" मॅडम म्हणाल्या, "वळू दे. ह्या फुलाला त्याची काही तकलीफ न्हाई." मग आम्हाला बारीक आवाजात सांगितलं, की कोन इकडून मोजा नाही तर तिकडून, कॉसची किंमत तीच येते, फूल तेच येणार. कॉसचा हा गुण मी पुस्तकात अनेकदा वाचला होता. पण समोरच्या माणसाला न दुखवता त्याच्या रीतीनं पुढे जाऊ देण्यासाठी तो वापरता येतो, हे त्या दिवशी पाहिलं. आजही वर्गात तो मुद्दा आला की माझ्या डोळ्यांपुढे उजव्या अंगानं वळणारे, अनवाणी दादा येतात.

दादा थोडे थोडे वळत होते आणि दोर थोडा थोडा आखूड होत होता. मी त्यांच्या जवळ जवळ येत गेले. पंचेचाळीस अंशाला आर शून्य झाला आणि मी अगदी त्यांच्या पायांशी येऊन उभी राहिले. "झालं?" त्यांनी मला विचारलं. पुढचा कोन पुकारला, दादा वळले, आणि मॅडम म्हणाल्या, "उणे अर्धा." मी उभीच. मॅडम म्हणाल्या, "भाऊ जिकडं बघतात त्याच्या बराबर उलट्या अंगाला जा. त्यांच्या पाठीमागं." मी दोर त्यांच्या खांद्यावरून घेतला आणि मागं गेले. तसे दादाही माझ्याबरोबर मागं वळले. साहजिक होतं ते. लेकरू मागं गेलं तर बाप वळून बघणारच. मॅडम म्हणाल्या, "न्हाई भाऊ, तुमी समोरच बघा. तुमी वळलात की सगळंच वळतं." दादांनी पुन्हा समोर तोंड केलं. मान थोडी तिरपी राहिली, मग तीही सरळ झाली.

मी त्यांच्या पाठीमागं होते. त्यांची पाठ इतका वेळ मी त्याआधी कधी बघितली नव्हती. सदऱ्याला खांद्यावर पोत्यांचे पिवळे पट्टे उमटले होते. मी फक्की टाकली आणि दोर ताणून धरला. दादा समोरच बघत मोठ्यानं म्हणाले, "हायस का माय?" मी म्हटलं, "हाय, दादा." पुढचा कोन. दोर आणखी लांबला. पुन्हा, "हायस का?" पुन्हा, "हाय." पोरं आधी हसली. मग हसायची थांबली. दादांचं तोंड सरळ दक्षिणेला झालं तेव्हा मी पूर्ण दोरावर, उत्तरेला, मैदानाच्या पार कडेला होते. तिथून त्यांची हाक ऐकू आली आणि मी ओरडून ओ दिली. मग दोर पुन्हा आखडत गेला, मी जवळ येत गेले, आणि शेवटी त्यांच्या पायांशी पोचले तेव्हा त्यांनी खाली बघितलं, मी दिसले, आणि ते पुढच्या कोनाला वळले. त्यानंतर मी समोर आले, मग पुन्हा मागं. दुसऱ्या वेळी मागं गेले तेव्हा त्यांनी विचारलं नाही. समोर बघत, दोर हातात धरून, शांत उभे राहिले.

पोरांनी फक्कीचे ठिपके जोडले. चार पाकळ्या, चार दिशांना. मॅडमनी दादांना म्हटलं, "आता बघा चोहीकडं. ही अन् ती तुमच्यासमोर झाली. ह्या दोन तुमच्यामागं." दादा जागच्या जागी पुन्हा एकदा फिरले, उजव्या अंगानंच. समोरच्या पाकळ्या त्यांनी बघितल्या न बघितल्याशा केल्या. पाठीमागच्या दोन मात्र बराच वेळ बघत राहिले. मलाही तेव्हाच कळलं, म्हणजे डोक्याला कळलं. उणा दोर म्हणजे नसलेला दोर नव्हे. तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, पण अंतर तितकंच खरं, जमीन तितकीच खरी. मॅडम म्हणाल्या, "लागला का उजेड?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग आता हेच कागदावर काढ. कागदाला भाऊ लागत न्हाईत." दादांनी फक्कीनं पांढरा झालेला कासरा नीट वेटोळा करून घेतला, मॅडमना हात जोडले आणि मला म्हणाले, "चल माय. जीप जाईल." ऑफिस उजव्या हाताला होतं, दार उघडं होतं. दादा त्याच्यासमोरून गेले आणि थांबले नाहीत. दाखला काढायचं विसरले की पुढच्या खेपेला काढू असं मनाशी ठरवलं, मला कळेना. जीपमध्ये ते बाहेर बघत बसले होते. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचं सगळं सरळ आहे. वार्षिक परीक्षेत गणित सुटलं, चांगलं सुटलं. पदवी झाली, मग घरापासून खूप लांब राहून एम.एस्सी., मग नोकरी. आज मी याच जिल्ह्यात पोरांना हेच शिकवते, आणि माझ्या वर्गातही दर वर्षी कुणीतरी उण्या ओळी कोऱ्या सोडतंच. त्यांच्यावर मी चिडत नाही, चिडूच शकत नाही. मॅडम त्या कॉलेजात आणखी थोडीच वर्षं होत्या. नंतर नेमणूक झाली नाही, आणि त्या नांदेडलाच घरी शिकवण्या घेऊ लागल्या. फोनवर बोलणं होतं. मागे एकदा मी हा सगळा प्रसंग त्यांना सांगितला, मनापासून आभार मानले. त्या म्हणाल्या, "मैदानावर नेलं होतं व्हय मी तुमाला? मला न्हाई ग आठवत. पण फूल चार पाकळ्यांचंच आलं होतं ना?" मला आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं. त्यांनी किती पोरांना असं काय काय दिलं असेल, सगळ्याची आठवण ठेवायला त्या काय रिकाम्या बसल्या होत्या? देणाऱ्यानं विसरून जावं आणि घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं, ही वाटणी मला मान्य आहे. दादांना विचारलं तर त्यांना आठवतो तो कासरा. त्याला फक्की लागली होती आणि बैल तो चाटायला बघत होता, एवढं ते आवर्जून सांगतात.

बापानं पाठ फिरवली असं माणसं दुःखानं सांगतात. माझ्या बापानं एका दुपारी माझ्याकडे पाठ केली आणि ती तशीच ठेवायला तो शिकला, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. सोपं नव्हतं ते. फाट्यावर उभं राहून लेकीची वाट बघणाऱ्या माणसाला ते फार जड गेलं असणार. आता त्या मैदानावर इमारत उभी आहे. फक्कीचं फूल तर दुसऱ्याच दिवशी कबड्डीच्या पोरांनी पायांखाली घातलं होतं. मी ते पुसलं जाताना बघितलं आणि मला काही वाटलं नाही, कारण मी ते बघत होते ती कॉलेजला येताना, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रस्त्यानं.

म्हणजे आदल्या संध्याकाळी काहीतरी ठरलं होतं. ते सांगायचं राहिलंच. आम्ही घरी पोचलो तेव्हा काका ओसरीवर बसले होते. हळदीची पोती गेल्यामुळे ओसरी मोठी मोठी वाटत होती. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि कान बाहेर ठेवले. काकांनी हळदीचं विचारलं, मग म्हणाले, "अन् दाखला?"

"न्हाई काढला," दादा म्हणाले.

"काहून? हापिस बंद व्हतं?"

"उघडं व्हतं."

दादा मोठ्या भावापुढे असं बोलत नसत, त्यामुळे दोघांनाही ते अवघड गेलं असावं. मग काका समजुतीच्या आवाजात म्हणाले, "आज वसमत म्हनती. उद्या अजून लांब जाते म्हनली तर? तू कुटं कुटं बघत फिरशील तिच्यामागं?"

दादा नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "आण्णा, ती जाईल तितलं समदं मला दिसायलाच पायजे असं थोडंच हाय."

मग काकांनी घसा खाकरला आणि आत तोंड करून मला हाक मारली. मी दाराशी गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी कासरा नगं नेऊ. अन् जीप चुकवू नगंस."